नळाच्या पाण्यात शिसं परत परत येतंय? बाटल्यांवर नंबर टाका

आमचा प्रॉब्लेम असा होता की किचनच्या नळाचं पाणी टेस्ट केलं की एकदा लेड (शिसं) ३ पीपीबी, म्हणजे अब्जात तीन भाग, यायचं, पुढच्या महिन्यात १९, मग ५, मग २२, आणि मध्ये आम्ही काहीतरी बदललेलं असायचं त्यामुळे प्रत्येक वेळी वाटायचं की चला, सुटलं. आणि परत यायचं. जवळजवळ दीड वर्ष हे चाललं. कारण सापडल्यावर कळलं की ते पहिल्याच आठवड्यात सापडू शकलं असतं, फक्त आम्ही चुकीच्या पद्धतीने पाणी भरत होतो. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. जुन्या घरात राहणाऱ्या आणि घरात लहान मूल असणाऱ्या कोणाचे तरी महिने वाचले तरी पुरे.

घर न्यू जर्सीतलं, १९२६ चं, दोन मजली. घेताना छप्पर बघितलं, फाउंडेशन बघितलं, बेसमेंटमध्ये ओल आहे का बघितलं, पाण्याचा पाईप कशाचा आहे हे विचारायचं सुचलंच नाही. अमेरिकेत आलोय, नळाचं पाणी सरळ प्यायचं असतं, हेच डोक्यात. मुलगी एक वर्षाची झाली तेव्हा डॉक्टरांनी नेहमीची ब्लड लेड टेस्ट केली (इथे पहिल्या आणि दुसऱ्या वर्षी सगळ्याच मुलांची करतात) आणि आकडा आला ४.१. अमेरिकेची आरोग्य संस्था सीडीसी, तिची रेषा २०२१ पासून ३.५ मायक्रोग्रॅम पर डेसिलिटर आहे. म्हणजे भयंकर नाही, पण रेषेच्या वर. त्या रात्री मला झोप लागली नाही हे खरं सांगते, कारण पहिले सहा महिने ती पूर्ण फॉर्म्युल्यावर होती आणि फॉर्म्युल्यात पावडर सोडली तर उरलेलं सगळं पाणीच असतं.

हेल्थ डिपार्टमेंटच्या नर्सचा फोन आला, फार चांगली बाई होती. तिने पाण्याआधी दुसरंच विचारलं, घरातला जुना रंग सोलतोय का, हळद भारतातून सुटी आणलेली आहे का, सिंदूर वापरता का, आयुर्वेदिक गोळ्या, काजळ. मला आधी राग आला, पण तिचं बरोबर होतं. सुट्या हळदीत रंगासाठी लेड क्रोमेट मिसळल्याच्या केसेस खऱ्या आहेत आणि न्यू जर्सीच्या दुकानांतून घेतलेल्या सिंदुरात शिसं सापडल्याचा रटगर्स विद्यापीठाचा २०१७ चा अभ्यास आहे. तर पहिली पायरी हीच, पाण्याच्या मागे लागायच्या आधी या पाच गोष्टी तपासून बाजूला काढा. आमची सांगलीहून आणलेली हळद लॅबला पाठवली, ती स्वच्छ निघाली. रंग नवीन होता. मग उरलं पाणी.

आता आम्ही काय काय केलं आणि का चुकलं ते सांगते, कारण ऐंशी टक्के लोक हेच करतात असं मला लोकांशी बोलून वाटतं.

सासूबाई तेव्हा बाळासाठी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, पाणी उकळून गाळून घे, आमच्याकडे पावसाळ्यात तेच करतो." आणि दोन महिने आम्ही तेच केलं! म्हणजे उलट वाढवलं. उकळल्याने जंतू मरतात, शिसं मरत नाही, ते धातू आहे, पाण्याची वाफ होते आणि शिसं खाली राहतं, एक लिटरचं अर्धा लिटर झालं की पीपीबीचा आकडा दुप्पट. मी त्यांना म्हटलं, आई, तुम्ही सांगितलेलं जंतूंसाठी अगदी बरोबर आहे, फक्त इथला त्रास वेगळा आहे. त्यांना ते लगेच पटलं, पण मग त्यांनी तांब्याच्या हंड्यात पाणी भरून ठेवायला सुरुवात केली, त्यानेही शिसं जात नाही. आणि भारतातून आणलेला यूव्हीचा प्युरिफायर असेल तर तोही याला उपयोगाचा नाही, यूव्ही जंतूंसाठी असतो.

दुसरं, फ्रीजचा फिल्टर. फ्रीजच्या दारातून येणारं पाणी फिल्टरचं आहे म्हणून निर्धास्त होतो. एका रात्री फिल्टर काढून बारीक अक्षरं वाचली तर एनएसएफ ४२ लिहिलेलं (फिल्टर कशासाठी पास झालाय ते सांगणारा प्रमाणाचा नंबर). ४२ म्हणजे फक्त चव, वास, क्लोरीन. शिशासाठी ५३ लागतं आणि त्या ५३ च्या खाली 'लेड रिडक्शन' हे शब्द वेगळे छापलेले लागतात, कारण ५३ मध्ये बरेच पदार्थ येतात आणि प्रत्येक फिल्टर सगळ्यांसाठी पास झालेला नसतो. आरओ असेल तर ५८. हे वाचल्याशिवाय एकही कार्ट्रिज विकत घेऊ नका.

तिसरी चूक सगळ्यात मोठी, आणि ती चूक वाटतच नाही. सगळे सांगतात की सकाळी नळ सोडून अर्धा-पाऊण मिनिट पाणी वाहू दे मग भर. आम्ही इमानदारीने तसं करायचो. आणि नेमकं तेच पाणी सगळ्यात वाईट होतं.

हे कसं ते समजून घ्या, सगळा प्रश्न इथेच सुटतो. रात्रभर पाणी पाईपात उभं असतं. नळाच्या तोंडाशी उभं असलेलं पाणी नळाच्या पितळेला लागलेलं असतं, त्याच्या मागचं घरातल्या कॉपर पाईपाला, त्याच्या मागचं मीटरजवळच्या पाईपाला, आणि त्याच्याही मागचं रस्त्याच्या मेन लाईनपासून घरात येणाऱ्या सर्व्हिस लाईनला. शिसं मेन लाईनमधून येत नाही, प्लांटमधून तर नाहीच, ही सर्व्हिस लाईन शिशाची असेल तर ते जास्त करून या शेवटच्या तुकड्यातून येतं. अर्धा इंची कॉपर पाईपात वीस-बावीस फुटांना एक लिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत दहा फुटांना एक लिटर. आमच्या किचनपासून बेसमेंटच्या मीटरपर्यंत हिशोब केला तर तीन लिटर. म्हणजे पहिल्या तीन बाटल्या घरातल्या कॉपरच्या, चौथ्या बाटलीपासून सर्व्हिस लाईनचं पाणी सुरू. आणि आमच्या नळाला एक लिटरची बाटली भरायला दहा सेकंद लागतात. चाळीस सेकंद नळ सोडून ग्लास भरला की ग्लासात काय येतं? बरोबर पाचवी बाटली!

आकडे वर-खाली का होत होते तेही यातच आलं. कधी मी सकाळी पहिल्या धारेचं पाणी लॅबला पाठवलेलं, ते ३ आलं. कधी नवऱ्याने जरा वाहू देऊन भरलेलं, ते १९. पाणी तेच होतं, पाईपातली जागा वेगळी होती.

पाणी कंपनीनेही फक्त पहिली बाटली घेतली होती. आकडा ६ आला आणि पत्र आलं की तुमचं पाणी मर्यादेत आहे. मी ते पत्र फ्रीजवर लावलं होतं, इतका जीव भांड्यात पडला होता. आधी मर्यादा म्हणजे काय ते नीट बघायला हवं होतं. १९९१ च्या लेड अँड कॉपर रूलमध्ये १५ पीपीबी ही जी ॲक्शन लेव्हल आहे ती एका घरासाठी नाहीच, गावातल्या नमुन्यांपैकी दहा टक्क्यांहून जास्त त्याच्या वर गेले तर कंपनीला काहीतरी करावं लागतं असा तो नियम आहे. म्हणजे गाव पास आणि तुमचं घर ४०, हे सहज शक्य आहे. ऑक्टोबर २०२४ च्या नवीन नियमात ती १० वर आणलीय. कॅनडाने २०१९ पासून मर्यादा ५ ठेवलीय, ब्रिटनमध्ये १० आहे, भारतातल्या बीआयएसच्या प्रमाणातही १० च आहे. आणि अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेचं स्वतःचं आरोग्याचं लक्ष्य शून्य आहे, कारण लहान मुलांसाठी सुरक्षित अशी पातळीच सापडलेली नाही.

पहिली बाटली फसवते हे नवीन नाही. शिकागोत, जिथे १९८६ पर्यंत सर्व्हिस लाईन शिशाचीच टाकायचा स्थानिक नियम होता आणि अजूनही सुमारे ४ लाख लाईन जमिनीत आहेत, तिथे ईपीएच्या मिगेल डेल टोरल यांनी ओळीने बाटल्या भरून दाखवलं होतं की पहिल्या बाटलीत कमी आणि पुढच्या बाटल्यांत खूप जास्त शिसं असू शकतं. ते २०१३ मध्ये छापून आलं. नंतर मिशिगनमधल्या फ्लिंट शहराच्या पाण्यातल्या शिशाचं प्रकरण बाहेर काढण्यातही तेच होते.

तर टेस्ट कशी करायची. राज्याने मान्यता दिलेल्या लॅबमधून एक-एक लिटरच्या रुंद तोंडाच्या दहा बाटल्या मागवा. रात्री झोपताना शेवटचं पाणी वापरलं की नंतर सहा तास तरी घरात कोणीही कुठलाही नळ, फ्लश, वॉशिंग मशीन लावायचं नाही, फ्रीजचा बर्फ मेकर पण बंद, तो रात्री गुपचूप पाणी ओढतो. सकाळी थंड नळ, नेहमी भरता तेवढ्या जोराने, नळाच्या तोंडाची जाळी न काढता, आणि एकही थेंब मध्ये न सांडता एकामागून एक दहा बाटल्या, प्रत्येकीवर आधीच मार्करने नंबर. दोघं लागतात, एकाने भरायच्या, एकाने झाकणं लावायची. नळ मध्ये बंद करायचा नाही. एका बाटलीला लॅबप्रमाणे २० ते १०० डॉलर पडतात, दहा परवडत नसतील तर हिशोब करून तीनच पाठवा, पहिली, पाचवी आणि पाच मिनिटं पाणी सोडून भरलेली. घरी बुडवायच्या पट्ट्यांवर या कामासाठी विसंबू नका.

आमचे आकडे: पहिली ६, दुसरी ३, तिसरी ४, चौथी १७, पाचवी २३, सहावी १४, सातवी ५ आणि पुढे सगळ्या २-३. मी तो कागद घेऊन बेसमेंटमध्ये गेले आणि मीटरच्या आधीचा, भिंतीतून येणारा पाईप पहिल्यांदा नीट बघितला. त्यावर रंगाचे थर होते. किल्लीने हळूच खरवडलं तर आतून चांदीसारखं चकचकीत, नखाने दाबलं तरी मऊ, लोहचुंबक चिकटेना. शिसं. (कॉपर असता तर नाण्यासारखा तांबूस दिसला असता, लोखंडी गॅल्वनाइज्ड असता तर चुंबक चिकटला असता.) खरवडल्यावर हात साबणाने धुवा आणि खाली पडलेला चुरा ओल्या कागदाने पुसून टाका. गॅल्वनाइज्ड निघाला तरी खुश होऊ नका, त्याच्या आधी, रस्त्याच्या बाजूला, कधी शिशाचा तुकडा होता तर ते शिसं आतल्या गंजात साठून बसतं आणि वर्षानुवर्षं सुटत राहतं.

कंपनीला फोन केला तर म्हणे आमच्या बाजूला कॉपर आहे, आम्ही पूर्वीच बदललीय. म्हणजे रस्त्यापासून हद्दीपर्यंत कॉपर, आणि पुढचा वीस-पंचवीस फुटांचा आमच्या अंगणाखालचा तुकडा शिशाचा तसाच. अर्धी लाईन बदलणं हे न बदलण्यापेक्षा काही काळ वाईट असू शकतं, कापताना आतला थर हलतो आणि कॉपरला शिसं जोडलं की जोडावर बॅटरीसारखी क्रिया होऊन शिसं जास्त झिजतं. जुन्या शहरांत ही अर्धीमुर्धी कामं भरपूर झालेली आहेत. त्यामुळे 'आमच्या बाजूला नाही' या उत्तरावर फोन ठेवू नका, 'माझ्या बाजूला काय नोंद आहे' ते विचारा. १६ ऑक्टोबर २०२४ पर्यंत प्रत्येक कंपनीला सगळ्या लाईनची यादी करावी लागलीय, ती मागितली की द्यावी लागते. आमच्या घरापुढे 'माहीत नाही' असं लिहिलेलं होतं. मी पाईपाचे फोटो पाठवले तेव्हा ते 'लेड' झालं आणि लाईन बदलायच्या यादीत आमचं नाव आलं. न्यू जर्सीत २०२१ च्या कायद्याने २०३१ पर्यंत सगळ्या लेड लाईन काढायच्या आहेत, घराच्या बाजूच्यासुद्धा, त्यामुळे आपण नोंदीत असणं फार महत्त्वाचं.

नंबर लागायला अकरा महिने गेले. त्या काळात पिण्याचं पाणी ५३ वाल्या, नळाला लावायच्या फिल्टरचं. आणि पिण्याचं म्हणजे फक्त ग्लासातलं नाही हे आपल्या स्वयंपाकात लक्षात ठेवावं लागतं. भाताला लागणारं पाणी भात पूर्ण पिऊन टाकतो, डाळ भिजवतो, कणीक मळतो, चहा, पेज, मुलांचं सत्त्व, सगळं फिल्टरचंच. मी सुरुवातीला कुकरला थेट नळाचं लावायचे, उकळतंय ना म्हणून. गरम नळाचं पाणी तर तोंडात जाणाऱ्या कशालाच नको, गरम पाण्यात शिसं जास्त विरघळतं, आणि ते फिल्टरमधूनही सोडायचं नाही, फिल्टर खराब होतो. आंघोळ, भांडी, कपडे नळाच्या पाण्याने बिनधास्त, कातडीतून पाण्यातलं शिसं आत जात नाही. कार्ट्रिजवर किती गॅलन ते लिहिलेलं असतं, आमच्यावर १०० होतं, म्हणजे सुमारे ३८० लिटर, आणि आपला स्वयंपाक धरला तर ते डब्यावरच्या तीन महिन्यांच्या आत संपतं. मी बदलल्याची तारीख कार्ट्रिजवरच लिहिते.

मधेच एकदा नववी बाटली ६१ आली. नववी, जी नेहमी २ असायची! घाबरून परत हिशोब केला, काही जुळेना. मग लक्षात आलं की आदल्या आठवड्यात समोरचा रस्ता गॅससाठी खोदला होता. धक्क्याने पाईपाच्या आतले कण सुटतात आणि ते जागा बघून येत नाहीत, कुठल्याही बाटलीत येतात. नळाच्या तोंडाची जाळी उघडली तर बारीक काळे-करडे कण अडकलेले. तेव्हापासून जाळी महिन्याला काढून धुते, आणि रस्त्यावर खोदकाम दिसलं की सगळे थंड नळ जाळ्या काढून चांगले अर्धा तास सोडते. आकडा पाईपाच्या नकाशात बसत नसेल तर कणांचा संशय घ्या.

आणि पाईप तोच, घर तेच, तरी आकडा सगळीकडेच वाढला तर मग पाण्याचा स्वभाव बदललाय का ते बघा. शिशाच्या पाईपाच्या आत वर्षानुवर्षांचा एक कडक थर बसलेला असतो, तो टिकला तर शिसं कमी सुटतं, आणि तो टिकणं प्लांटमध्ये काय घालतात त्यावर अवलंबून असतं. वॉशिंग्टन डीसीत नोव्हेंबर २००० मध्ये जंतू मारायला क्लोरीनऐवजी क्लोरामाइन सुरू केलं आणि थर विरघळून हजारो घरांत शिसं वाढलं, लोकांना ते २००४ मध्ये कळलं. फ्लिंटने एप्रिल २०१४ मध्ये नदीचं पाणी घेतलं आणि गंज थांबवणारं ऑर्थोफॉस्फेट घातलंच नाही. आमच्या शेजारचं नेवार्क तर डोळ्यांसमोरचं, पेक्वानॉक प्लांटमध्ये पाण्याचा पीएच खाली आणला आणि आधी गंज थांबवायला वापरत असलेलं सिलिकेट काम करेनासं झालं, मे २०१९ मध्ये ऑर्थोफॉस्फेट सुरू करावं लागलं. पण नेवार्कचं एक फार आवडतं मला, त्यांनी मग २३,००० च्या वर लाईन तीन वर्षांच्या आत बदलल्या, घरमालकाकडून एक डॉलर न घेता. मनात आणलं तर होतं. तुमच्या कंपनीचा वार्षिक पाणी अहवाल १ जुलैपर्यंत येतो, त्यात सोर्स किंवा औषध बदललंय का तेवढं वाचा. उन्हाळ्यात आकडा थोडा वर जातो तो मात्र उष्णतेने, त्यात नवल नाही.

काही लोक मला मेसेज करून विचारतात त्यात शिशाचा संबंध नसतो. पाणी दुधासारखं पांढरं येतंय आणि ग्लासात खालून वर स्वच्छ होत जातंय, ती हवा आहे. लालसर आलं तर बहुतेक रस्त्यावरचा आग विझवायचा नळ (हायड्रंट) उघडलेला असतो, लोखंडाचा गंज, निवळेपर्यंत थांबा आणि पांढरे कपडे धुवायला टाकू नका. बॉइल वॉटरची सूचना आली तर तेव्हा मात्र सासूबाईंचंच ऐकायचं, खळखळून एक मिनिट उकळायचं. ती सूचना हलक्यात घेऊ नका, मिलवॉकीत १९९३ मध्ये क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या जंतूने अंदाजे ४ लाख लोक आजारी पडले होते आणि कॅनडात वॉकर्टनला मे २००० मध्ये ई. कोलायने ७ माणसं गेली, दोन्ही ठिकाणी नळाचंच पाणी.

लाईन शेवटी एका दिवसात बदलली, अंगणात दोन खड्डे, मधून नवीन कॉपर ओढलं. लगेच पाणी प्यायचं नाही, काम झाल्या झाल्या सगळ्या जाळ्या काढून थंड पाणी अर्धा तास, आणि पुढे सहा महिने फिल्टर चालूच, कारण सुटलेले कण घरातल्या पाईपांत बसलेले असतात. सहा महिन्यांनी परत दहा बाटल्या भरल्या. चौथी, पाचवी, सहावी १ च्या खाली! मी तो कागद बघून रडले. पण पहिली बाटली अजून ७.

पहिली म्हणजे नळ. सिंकखालचा पितळी व्हॉल्व्ह आणि नळ दोन्ही जुने होते. अमेरिकेत २०१४ च्या आधी 'लेड फ्री' लिहिलेल्या पितळेतही ८ टक्क्यांपर्यंत शिसं चालायचं, आता पाण्याला लागणाऱ्या भागाची सरासरी ०.२५ टक्के. दोन्ही बदलले, महिनाभराने पहिली बाटली १ वर आली. म्हणजे तुमच्या दहांपैकी फक्त पहिलीच जास्त असेल तर रस्ता खोदायची गरजच नाही, एका शनिवारचं काम आहे. दुसरी-तिसरी जास्त असेल तर घरातल्या कॉपरच्या जोडांचं झाळण बघा, १९८६ च्या आधीच्या घरांत त्यात बरेचदा शिसं असतं.

भाड्याने राहत असाल तर मालकाचं काय व्हायचं ते होईल, त्याची वाट बघू नका. नळाला लावायचा फिल्टर हाताने काढता-लावता येतो, घर सोडताना बरोबर नेता येतो. बाळ फॉर्म्युल्यावर असेल तर तो आज संध्याकाळीच आणा, थंड पाणी फिल्टरमधून घेऊन मग कोमट करा, आणि बाटल्या उद्या मागवा. आमच्या मुलीचा दुसऱ्या वर्षीचा आकडा १.६ आला.